टँजियर : कागदावरचं बंदर

किल्लेबंद बंदराचा जुना नकाशा समोर आला की बुरूज मोजण्याआधी मी चित्रकार कुठे उभा होता ते शोधते. कोलोन शहरात १५७२ साली ‘सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारम’ या नगरचित्रसंग्रहाचा पहिला खंड निघाला. मजकूर गेओर्ग ब्राउन या धर्मगुरूचा, ताम्रपट कोरणारा फ्रान्स होगेनबर्ग. त्या खंडात मोरोक्कोचं टँजियर आहे, आणि ते समुद्रावरून पाहिलेलं आहे. पुढ्यात पाणी आणि गलबतं, मग तट, मग चढणीवर रचलेलं गाव. पोर्तुगीजांनी टँजियर घेतलं १४७१ साली. त्याला शंभर वर्षं झाली तरी शहराकडे बघणारी नजर जहाजाच्या डेकवरच होती. आपण आलो समुद्रावरून, मदत येईल समुद्रावरून, पळायचं झालं तर वाट समुद्राचीच. गावामागच्या टेकड्यांवर जाऊन, तिथे बसून हे शहर कसं दिसतं ते काढावं, असं कुणालाही वाटलेलं नाही.

*

त्याच पानावर टँजियरबरोबर सफी, सेउटा, अर्झिला आणि साले ही मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची गावं आहेत. एका ताम्रपटावर पाच शहरं. त्याच खंडातलं आणखी एक पान मला त्याहून जवळचं वाटतं. त्यावर चार चित्रं : आन्फा, अझेमूर, दीव आणि गोवा. आन्फा म्हणजे आजचं कासाब्लांका. मोरोक्कोची दोन बंदरं आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची दोन, एकाच कागदावर. हजारो मैलांच्या अंतरावरची ही गावं शेजारी का बसली? कारण त्यांना जोडणारा धागा लिस्बनच्या हातात होता. कोलोनच्या वाचकाला ती एकाच मालकाची मालमत्ता म्हणून दाखवायची होती.

ही दूरदेशीची चित्रं मिळवून देण्यात कॉन्स्टँटिन फॉन लिसकिर्खेन या कोलोनच्या व्यापाऱ्याचा मोठा वाटा होता. ब्राउन किंवा होगेनबर्ग यांपैकी कुणीही आफ्रिका वा हिंदुस्थान पाहिला नव्हता.

*

आता तारखा लावून बघा. खंड छापला १५७२ साली. सफी आणि अझेमूर पोर्तुगीजांनी १५४१ मध्येच सोडली होती, अर्झिला १५५० मध्ये. आन्फा तर पोर्तुगीजांच्याच आरमाराने पंधराव्या शतकात उद्ध्वस्त केली होती, आणि ती ओसाडच राहिली. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्लाने तिथे पुन्हा गाव वसवलं. गोव्याच्या चित्रावरच्या लॅटिन ओळीत ते ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचं साल १५०९ दिलंय. आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. आणि हा खंड तयार होत होता त्या सुमारास, १५७०-७१ मध्ये, अली आदिलशहाच्या फौजा गोव्याला वेढा घालून बसल्या होत्या.

कागदावर मात्र सगळे तट शाबूत, सगळ्या बंदरांत वारा भरलेली शिडं. हातातून निसटलेली तीन बंदरं वीस-तीस वर्षांनंतरही अशी दिमाखात छापली जातात, यात लबाडी असेल असं मला वाटत नाही. बातमी हळू चालायची, आणि कोरलेला ताम्रपट पुन्हा कोरणं महाग असायचं. परिणाम मात्र व्हायचा तोच : युरोपातल्या वाचकाच्या मनात ती साम्राज्यं प्रत्यक्षाहून मोठी आणि प्रत्यक्षाहून टिकाऊ होत गेली.

*

छापील नगरचित्र हातात घ्यायची संधी मिळाली तर बघण्याच्या गोष्टी : चित्राभोवती कागदात उमटलेली ताम्रपटाची चौकट (दाबाखाली पट कागदात रुततो, ती कड बोटाला लागते). मधली घडी, कारण ही पानं पुस्तकात दुमडून बांधलेली असत. मागचा छापील मजकूर, ज्याच्या भाषेवरून आणि जुळणीवरून आवृत्ती ओळखतात. उजेडासमोर धरल्यावर दिसणारी हातकागदाच्या साच्याची रेघारेघांची जाळी. रंग हाताने भरलेला असतो, आणि पुष्कळदा विकण्यासाठी फार नंतर भरलेला.

या संग्रहातल्या पुष्कळ चित्रांत पुढच्या बाजूला त्या त्या देशीच्या पोशाखातली माणसं उभी केलेली असतात. ब्राउन प्रस्तावनेत लिहितो की माणसांच्या आकृती असल्या म्हणजे तुर्क ही चित्रं लष्करी कामाला वापरणार नाहीत, कारण त्यांच्या धर्माला प्रतिमा वर्ज्य. त्याचा यावर खरोखर विश्वास असावा. अल्जीअर्सच्या कप्तानांना स्वतःचं बंदर ओळखायला कोलोनच्या पुस्तकाची गरज नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

*

पोर्तुगीजांचा टँजियरवरचा पहिला हल्ला १४३७ चा. तो पुरता फसला. सैन्याला सुखरूप जहाजांवर चढू द्यावं म्हणून राजपुत्र फर्नांदो ओलीस राहिला. बदल्यात सेउटा परत द्यायचं ठरलं होतं. सेउटा दिलं गेलं नाही. फर्नांदो १४४३ मध्ये फेझच्या कैदेत वारला. नंतर पोर्तुगालने त्याला संतपद दिल्यासारखंच पूजलं. माणूस गेला, पण तटबंदीचं गाव राखलं, हा हिशेब मला पटत नाही आणि त्याच्या पूजेने तो झाकलाही जात नाही.

*

२३ जून १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ब्रगांझाच्या कॅथरीनबरोबर काय काय मिळालं : वीस लाख क्रुझादो, ब्राझील आणि पूर्वेकडे व्यापाराची मोकळीक, टँजियर, आणि मुंबईचं बंदर व बेट.

मुंबईच्या शाळेत हुंड्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच करारातल्या टँजियरचं नाव मात्र आपल्याकडे कुणी घेत नाही. लंडनला त्या वेळी दोन्हीतलं मोलाचं वाटलं होतं टँजियर. भूमध्य समुद्राच्या तोंडावरचं ठाणं; सर्वांत अरुंद जागी सामुद्रधुनी अवघी चौदा किलोमीटर. येणारंजाणारं प्रत्येक गलबत नजरेखालून जाणार. मुंबई कुठे आहे याचाच दरबारात नीट पत्ता नव्हता. इंग्रजांचं म्हणणं असं की लंडनमध्ये दाखवलेल्या नकाशात मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणंही होतं. गोव्याचे पोर्तुगीज म्हणत, बेट म्हणजे फक्त बेट. त्या भांडणात बेटाचा ताबा घ्यायला आलेल्या सर अब्राहम शिपमनची चारशे-पाचशे माणसं मुंबईत उतरूच शकली नाहीत. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर ती रोगराईने मेली. शिपमनही तिथेच गेला, १६६४ मध्ये. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्यातले जेमतेम शंभर-सव्वाशे उरले होते.

टँजियरला मात्र जानेवारी १६६२ मध्ये अर्ल ऑफ पीटरबरो तीन हजार माणसं घेऊन दाखल झाला. त्याआधी थोडेच दिवस पोर्तुगीज शिबंदीचे बरेच लोक तटाबाहेर कापले गेले होते.

*

व्हेन्सेस्लास होलार. जन्म प्राग, १६०७. तीस वर्षांच्या युद्धात होरपळलेल्या मध्य युरोपात वाढलेला. कोलोनमध्ये १६३६ साली अर्ल ऑफ अरंडेलच्या नजरेस पडला आणि त्याच्यामागून इंग्लंडला आला. आयुष्यभरात त्याने सुमारे २,७०० ताम्रचित्रं केली : कॅथेड्रलं, शंख, फरचे हातमोजे, बायकांचे पोशाख, लंडनच्या आगीपूर्वीची आणि आगीनंतरची दृश्यं.

जोनास मूर या गणिती सर्वेक्षकाने १६६३ मध्ये टँजियरची मोजणी केली. त्यावरून १६६४ साली निघालेला शहराचा आणि सामुद्रधुनीचा मोठा नकाशा कोरला होलारनेच. तेव्हा त्याने टँजियर पाहिलेलंही नव्हतं. पाच वर्षांनी, १६६९ मध्ये, अरंडेलचा नातू लॉर्ड हेन्री हॉवर्ड सुलतान मुलाय रशीदकडे राजदूत म्हणून निघाला, त्याच्या लवाजम्यातून होलार तिथे गेला. राजाचा दृश्यचित्रकार अशी त्याची नेमणूक होती. वय बासष्ट. राजदूत सुलतानापर्यंत पोचलाच नाही, टँजियरमध्येच अडकून राहिला. होलारच्या हाती त्यामुळे वेळ आला आणि त्याने तो पूर्ण वापरला.

आधी दुसऱ्याच्या मोजमापावरून कोरलेलं गाव नंतर स्वतःच्या पायांनी तुडवायला मिळणं, हे किती नकाशाकारांच्या वाट्याला येतं? त्या भेटीतली त्याची कितीतरी जलरंगचित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १६७३ मध्ये त्यांतून ताम्रचित्रांची एक छोटी मालिका निघाली.

*

होलारच्या टँजियरमध्ये मला सर्वांत भावते ती त्याची जागा. तो तटाच्या बाहेर जातो. उतारावर, कोरड्या जमिनीवर उभा राहून मागे वळून गावाकडे बघतो. चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग कधी कधी नुसती माती, पायवाटा आणि दूरदूर विखुरलेले छोटे कोट. गाव तिकडे कोपऱ्यात, समुद्राला पाठ लावून बसलेलं. ब्राउनच्या पुस्तकातलं टँजियर पाहून वाटतं, हे कोण घेणार? होलारचं पाहून वाटतं, हे कसं राखणार? त्याने कुठेही टीका केलेली नाही. नोकरीत होता, करणारही नव्हता. पण टेकडी किती जवळ आहे आणि गाव किती खाली आहे हे त्याच्या सुईने अचूक नोंदवलं, आणि किल्ल्याच्या चित्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं.

*

परतीच्या वाटेवरचं : होलार ज्या ‘मेरी रोझ’ जहाजाने निघाला (आठव्या हेन्रीचं बुडालेलं ते हे नव्हे), त्यावर डिसेंबर १६६९ मध्ये अल्जीअर्सच्या सात लढाऊ जहाजांनी हल्ला केला. कप्तान जॉन केम्पथॉर्नने ती परतवली. लढाईचं होलारचं ताम्रचित्र पुढच्याच वर्षी जॉन ओगिल्बीच्या ‘आफ्रिका’ या ग्रंथात आलं. तोफा कशा सुटतात हे त्याला कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.

*

इंग्रजी काळातल्या टँजियरच्या नकाशावरची नावं वाचत जावीत : यॉर्क कासल, पीटरबरो टॉवर, कॅथरीन पोर्ट, चार्ल्स फोर्ट, हेन्रिएटा फोर्ट, मन्मथ फोर्ट, फोर्ट ॲन. राजाची राणी, आई, भाऊ, मुलगा आणि सरदार असे सगळे तटावर चढवलेले. पश्चिमेला, बंदराच्या धक्क्यासाठी दगड काढायच्या खाणीपाशी एक वस्ती, तिचं नाव व्हिटबी. यॉर्कशायरमधल्या त्या गावचे पाथरवट इथे आणले होते.

पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात मेंढ्या चारणाऱ्या, तिथे शेती करणाऱ्या अंजेरा भागातल्या लोकांच्या वाड्या-वस्त्यांची नावं या कागदांवर जवळजवळ नाहीतच. ‘मूर’ हा एकच शब्द, घोड्यावरच्या छोट्या आकृत्या, बस्स. ज्यांच्या भीतीने सगळे बुरूज उभे राहिले त्यांच्यासाठी नकाशावर जागा राखलेली नाही.

*

टँजियरचा एक माणूस आपल्याकडे येऊन गेला होता, हुंड्याच्याही तीन शतकं आधी. इब्न बतूता. जन्म टँजियर, १३०४. दिल्लीहून मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून निघालेला हा मोरोक्कन दौलताबाद, नंदुरबार अशा वाटेने खंबायतला गेला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय : हस्तकौशल्यात तरबेज, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत; जेवणात भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल. पुढे होन्नावरच्या सुलतानाच्या आरमाराबरोबर तो सांदापूरवरच्या, म्हणजे गोव्यावरच्या हल्ल्यातही होता. टँजियरवासीयाच्या डोळ्यांनी पाहिलेलं आपलं तिळाचं तेल! युरोपीय नगरचित्रांतून असा तपशील मिळत नाही. बंदर काढणाऱ्याला तट दिसतो, आत जाऊन जेवणाऱ्याला तेल कळतं.

*

मे १६६४. गव्हर्नर अर्ल ऑफ टीव्हियट, पराक्रमी आणि घाईचा माणूस, तटाबाहेर झाडी तोडायला आणि जमीन मोकळी करायला फौज घेऊन गेला. टेकडीआड अल्-खदिर घैलानची माणसं दबा धरून होती. टीव्हियट आणि त्याच्याबरोबरचे सुमारे चारशे लोक एका दुपारी संपले. घैलानला इंग्रज कागदपत्रांत ‘गेलंड’ लिहितात. वायव्य मोरोक्कोतला हा सरदार कधी इंग्रजांशी तह करी, कधी लढे. मोरोक्कोतल्या दुसऱ्या दावेदारांशीही त्याचं तसंच चाले. तो स्वतःचं राज्य उभं करू बघत होता, आणि त्याच्या दृष्टीने टँजियर हे त्याच्या किनाऱ्यावर परक्यांनी अडवलेलं दार होतं.

ज्या साली मूर-होलारचा तो देखणा मोठा नकाशा निघाला त्याच सालची ही दुपार.

*

आता धक्का. या सगळ्या कहाणीतलं मला सर्वांत ओढून घेणारं प्रकरण.

टँजियरचा उपसागर दिसायला सुरेख, पण उघडा. पूर्वेचा वारा, तिथले लोक त्याला शर्की म्हणतात, सुटला की सामुद्रधुनीतून सरळ आत घुसतो आणि नांगरलेली जहाजं किनाऱ्यावर आपटतात. म्हणून समुद्रात लांबवर दगडी धक्का घालून त्याच्या आडोशाला मोठं आरमार ठेवायचं ठरलं. १६६३ मध्ये कंत्राट झालं : सर जॉन लॉसन, टीव्हियट आणि सर ह्यू चोमली. दर घनयार्डाला तेरा शिलिंग. चोमली व्हिटबीचा, तिथल्या बंदराचा धक्का त्याच्या घराण्याच्या देखरेखीखालचा, म्हणून काम त्याच्या गळ्यात.

चोमलीने यॉर्कशायरची माहीत असलेली पद्धत आणली : दगड समुद्रात लोटत जायचे, त्यांची रास पाण्यावर आली की वर बांधकाम करायचं. उत्तर समुद्रात ते चाललं असेल. इथे हिवाळ्यातलं प्रत्येक मोठं वादळ त्या राशीला भगदाडं पाडून जाई. केलेलं काम पुन्हा, मोडलेलं पुन्हा. चोमलीनंतर काम आलं हेन्री शीअर्सकडे. त्याने जिनोव्हाची पद्धत धरली : लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या अवाढव्य लाकडी पेट्या, त्यांत दगड-चुना भरून त्या जागेवर बुडवायच्या. पेटी बसली की ती एकसंध शिळा. लाट तिच्यातून एक एक दगड उचलून नेऊ शकत नाही.

शेवटी धक्का समुद्रात सुमारे ४७९ यार्ड गेला. रुंदी शंभर फुटांच्या वर. त्यावर तोफा होत्या, घरं होती. वीस वर्षांचं काम. इंग्लंडने तोवर समुद्रात केलेलं एवढं मोठं बांधकाम दुसरं नव्हतं. किनाऱ्यापासून एक एक पेटी पुढे सरकत गेलेली ती रेघ नकाशावर बघताना माझं लक्ष पाथरवटांकडे जातं. ती माणसं घरापासून दीड हजार मैलांवर, पाठीला तट आणि तोंडावर शर्की घेऊन, पाण्यात रस्ता बांधत होती. त्यांची नावं हिशेबांच्या वह्यांत कुठे कुठे आहेत. कामाचं श्रेय त्यांचं होतं.

*

तुलनेला अल्जीअर्स. ‘सिव्हिटाटेस’च्या दुसऱ्या खंडात, १५७५ मध्ये, त्याचं मोठं नगरचित्र आहे; डोंगरउतारावर त्रिकोणी पसरलेलं पांढरं शहर आणि त्याच्या पायाशी बंदराचा आकडा. तिथला धक्का खैरुद्दीन बार्बारोसाने १५२९ मध्ये घातला. शहरासमोरच्या खडकाळ बेटावर स्पॅनिश लोकांचा पेन्यॉन नावाचा कोट होता. तो घेतला, पाडला, आणि त्याचाच दगड वापरून बेट किनाऱ्याला जोडलं. राबले ते ख्रिस्ती कैदी, हे विसरता येत नाही. पण तो धक्का टिकला, कारण त्याच्या मागे शहर होतं आणि शहराच्या मागे मुलूख. टँजियरच्या धक्क्याच्या मागे फक्त शिबंदी होती.

*

१६६८. या एका सालात चार्ल्सने दोन्ही हुंडा-बंदरांबद्दल निर्णय घेतले. मार्चमध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. त्याच साली टँजियरला सनद देऊन महापौर आणि नगरसभा दिली. खुलं बंदर ते आधीच होतं. म्हणजे राजाने मुंबई अंगाबाहेर टाकली आणि टँजियर घट्ट धरलं.

कंपनीने मुंबईत काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने व्यापाऱ्यांना, विणकरांना, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावून वसवलं. त्यांना आपले न्यायनिवाडे आपल्यात करायची मुभा दिली. टँजियरला असा मागचा मुलूख मिळालाच नाही. तटाबाहेर पीक घेता येईना, गवत कापायलाही पहारा लागे. बंदराचं पोट मागच्या जमिनीवर भरतं. मुंबईला कोकण होता, घाट होता, सुरतेकडची वाट होती. वैरी म्हणून का होईना, मराठ्यांशी रोजचा व्यवहारही होता.

*

१६८०, सुलतान मुलाय इस्माइलच्या फौजांचा वेढा. बाहेरचे कोट एक एक करून पडू लागले. चार्ल्स फोर्टमध्ये अडकलेल्यांशी गावातून कर्ण्याने बोलणं चाले, आणि ते आयरिश भाषेत, कारण मोरोक्कन छावणीत इंग्रजी जाणणारे फितूर इंग्रज होते. मे महिन्यात त्या कोटातल्या शिबंदीने तो उडवून देऊन गावाकडे धाव घेतली. बहुतेक सगळे वाटेत पडले. कोटापासून गावापर्यंतचं ते अंतर होलारच्या चित्रांत मी नेहमी डोळ्यांनी चालून बघते. कागदावर दोन बोटांएवढंच आहे.

मोरोक्कन सैन्याने तेव्हा खंदक खणून पद्धतशीर पुढे सरकायची कला दाखवली, तिने इंग्रज चकित झाले. सुटे घोडेस्वार असा जो ‘मूर’ नकाशावर होता, तो आता तोफखाना आणि सुरुंग घेऊन आला होता.

लंडनमध्ये पार्लमेंटने हात आखडला. राजाचा कॅथलिक भाऊ वारस नको, हा वाद पेटलेला. टँजियरची शिबंदी उद्या त्याच्याच हाताला येईल अशी शंका. पैसे मिळाले नाहीत.

*

ऑगस्ट १६८३ मध्ये लॉर्ड डार्टमथ आरमार घेऊन निघाला, कारण गुप्त. बरोबर सॅम्युएल पीप्स, जो अनेक वर्षं टँजियर समितीचा खजिनदार होता. हुकूम होता गाव रिकामं करून पाडून टाकायचा. पीप्सने लोकांच्या घरांची किंमत ठरवून भरपाईचे हिशेब केले. आणि धक्का? वीस वर्षं समुद्र तो मोडत होता. आता माणसं मोडायला गेली तर तो मोडेना. शीअर्सच्या पेट्यांत सुरुंगामागून सुरुंग लावावे लागले, हिवाळाभर ते चाललं. शीअर्स त्या कामावर हजर होता. आपण बांधलेलं आपणच उडवायचं. फेब्रुवारी १६८४ मध्ये शेवटची जहाजं निघाली.

तोच हिवाळा आपल्या किनाऱ्यावर बघा. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यालगतचं जुवे बेट घेतलं आणि विजरई कोंदी द आल्व्होरने घाबरून आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत नेऊन ठेवला. २७ डिसेंबरला मुंबईत रिचर्ड किगविनने कंपनीविरुद्ध बंड करून राजाच्या नावाने बेट ताब्यात घेतलं. पुढे त्याने संभाजी महाराजांशी तहही केला आणि वर्षभराने, नोव्हेंबर १६८४ मध्ये, बेट सोडलं. कोलोनच्या पुस्तकातला गोवा, हुंड्यातलं टँजियर, हुंड्यातली मुंबई : तिन्ही तटबंद बंदरं एकाच वेळी डळमळत होती. किगविन राजाच्या नावाने मुंबई धरून बसला होता आणि राजा टँजियर सुरुंगाने उडवत होता.

*

मुलाय इस्माइलच्या वतीने गावात आला अली बिन अब्दुल्ला अल्-रिफी. ढिगारा उपसून त्याने टँजियर पुन्हा वसवलं, जिथे कॅथेड्रल होतं तिथे मशीद बांधली. त्याचा मुलगा अहमद याच्या काळात कसब्यातला राजवाडा उभा राहिला. आज तिथे संग्रहालय आहे. यॉर्क कासलची वास्तू अजून जुन्या गावाच्या कडेला आहे. या पुनर्वसनाची होलारसारखी चित्रमालिका कुणी केली नाही, म्हणून युरोपीय पुस्तकांत टँजियरची गोष्ट १६८४ ला थांबते. टँजियरची खरी गोष्ट तिथून पुढे तीनशे चाळीस वर्षं चालू आहे.

*

मुंबईत कधीतरी एक प्रदर्शन व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पहिल्या भिंतीवर १५७२ ची दोन पानं : टँजियरचं, आणि आन्फा-अझेमूर-दीव-गोवा यांचं. दुसऱ्यावर १६६४ चा मूर-होलार नकाशा आणि शेजारी जॉन फ्रायरच्या १६९८ च्या प्रवासग्रंथातला मुंबईचा नकाशा, म्हणजे हुंड्यातली दोन्ही बंदरं पहिल्यांदा एकत्र दिसतील. तिसऱ्या भिंतीवर होलारची तटाबाहेरून काढलेली जलरंगचित्रं, शक्य तेवढी. ती डोळ्यांच्या उंचीहून जरा खाली लावावीत, कारण ती टेकडीवरून खाली बघणारी आहेत. पाट्या मराठीत आणि अरबीत. आणि प्रत्येक नकाशापाशी एक भिंग, धक्क्याची रेघ नीट बघता यावी म्हणून.